डावा सुटीवर

तो खुर्चीवर कधी सरळ बसत नसे. भरलेल्या बसमध्ये सीटच्या कडेला तिसरा माणूस बसतो तसा, एका कुल्ल्यावर भार टाकून अर्धा बाहेर बसे. कुणी कारण विचारलं तर गंभीरपणे सांगे, "डावा आज सुटीवर आहे."

बडोद्यात तेव्हा गल्लोगल्ली जिम निघत होत्या. आम्ही दोघे मकरपुऱ्यातल्या एकाच कारखान्यात लेथवर होतो आणि संध्याकाळी लहरीपुऱ्यातल्या एकाच जिममध्ये जायचो. मी पोट कमी करायला, तो शहराच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत पहिला यायला. त्याचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. "छाती आमच्याकडे वारशाने येते," तो म्हणे. वारशाने यायची जेवढी राहिली होती, तेवढी उस्तादांच्या सुईने आली.

उस्ताद म्हणजे जिमचे मालक. मागच्या खोलीत ते मंडळींना स्नायू फुगवणारी तेलकट इंजेक्शनं टोचत. एकाच जागी टोचत राहिलं तर गाठ येते, म्हणून जागा बदलायच्या. या जागाबदलालाही त्याने कारखान्याची भाषा दिली होती. "डावा कुल्ला फर्स्ट शिफ्ट, उजवा सेकंड, मांडी ओव्हरटाइम." लेथपाशी तो कोणत्या पायावर भार देऊन उभा आहे यावरून आम्ही शिफ्ट ओळखायचो. तुम्हीही ओळखली असती.

एका वर्षी स्पर्धा जवळ आली तशी उस्तादांनी इंजेक्शनं वाढवली. सगळ्या जागा ठणकू लागल्या. त्यातल्या त्यात उजवी बाजू कमी दुखत होती, म्हणून त्याने तिथेच पुन्हा पुन्हा टोचून घेतलं.

एका दुपारी मशीन बंद करून तो खाली बसला. अंग तापाने भाजत होतं. "कंई नथी यार, दोन मिनिटं बसू दे," म्हणाला, पण मग उठताच येईना. मी त्याला रिक्षात घातलं. बसणं शक्यच नव्हतं. एवढा मोठा पहिलवान माझ्या मांडीवर पालथा पडून दवाखान्यात पोचला, आणि वाटेत ओळखीचं कुणी दिसलं की मला म्हणे, "तोंड फिरव, लोक बघतात."

डॉक्टरांनी उजव्या कुल्ल्यावरचं गळू कापलं. आत लिंबाएवढा खड्डा पडला होता. रोज त्यात औषधाची पट्टी भरावी लागे. ते काम त्याच्या बायकोने शिकून घेतलं. एकदा पट्टी भरताना ती म्हणाली, "बाकी सगळं अंग उस्तादांनी भरलं. एवढं मला भरायला ठेवलंत."

त्याने उशीत तोंड खुपसलं. पुन्हा त्याने सुई घेतली नाही.

पुढच्या वर्षी, शरीर निम्म्यावर आलेलं असताना, त्याने स्पर्धेत नाव दिलं. उस्ताद म्हणाले, "पाठ दाखवताना चड्डी वर ओढ. जिमचं नाव जाईल."

स्टेजवर त्याने पाठ फिरवली आणि चड्डीची कड उलट खाली सरकवली. दिव्यांच्या उजेडात तो खड्डा मागच्या रांगेपर्यंत दिसला. हॉलमध्ये हशा पिकला. पुढच्या रांगेत आमच्या जिमची मंडळी होती, ती हसली नाही. तो त्या पोझमध्ये वेळ संपेपर्यंत हलला नाही.

निकालात तो शेवटचा आला. खाली उतरून घाम पुसत म्हणाला, "बघितला ना सगळ्यांनी? झालं तर मग."

उस्तादांनी त्याला जिममधून काढलं. पण मागच्या खोलीतली गर्दी त्यानंतर पहिल्यासारखी झाली नाही.

कारखाना बंद पडल्यावर तो सासुरवाडीला, डभोईला गेला आणि तिथे धान्याचं लहानसं दुकान टाकलं. एकदा मी त्याला भेटायला गेलो आणि दुकानावरून सरळ पुढे निघालो. मी शोधत होतो तो रुंद माणूस तिथे नव्हताच.

"अरे, इकडे," मागून आवाज आला. पोत्यांमध्ये एक सडपातळ गृहस्थ उभा होता. त्याने बाही वर करून दंड पुढे केला.

"दाबून बघ," तो म्हणाला. "थोडाच आहे. पण माझा आहे."