भिंतीवरचा निळा उजेड

मालक गेले तेव्हा मी रडले नाही. छातीत कळ आली म्हणून ते गॅरेजच्या दारात टायरवर बसले, ते उठलेच नाहीत. गर्दी झाली, बायका गळ्यात पडून रडल्या, माझ्या डोळ्यांत टिपूस नाही. त्यांच्या आईला, माझ्या सासूला, मी आत्ती म्हणायचे. तिनं माझे खांदे धरून गदागदा हलवलं. "रड की गं! न्हायतर याड लागंल." मला खरंच काही वाटत नव्हतं. दात काढताना सुई मारलेला गाल कसा होतो, तसं सगळं अंग झालं होतं. गल्लीतली एक बाई तर मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "दगुड हाय दगुड." म्हटलं असू दे, दगुड तर दगुड.

तेराव्यानंतर दीर वेल्डिंगचं मोठं मशीन घेऊन गेला. ते दोघा भावांच्यात होतं. खिळ्याला मालकांची काळी काच तेवढी राहिली, वेल्डिंग करताना तोंडासमोर धरायची. आणि अंगणात मुरगूडच्या एका गूळव्यापाऱ्याची जुनी मोटार. तिचा खालचा सडका पत्रा मालकांनी कापून काढला होता, नवा लावायचा राहिला होता. आत डोकावलं की पायाखाली अंगण दिसायचं.

व्यापारी आला, हळहळला, चहा प्याला आणि म्हणाला, "वैनी, टेम्पोला बांधून दुसरीकडं नेतो आता." आमचं गॅरेज म्हणजे उचगावातल्या घराचीच पुढची बाजू. मोटार गेली की तिथं दीर भाडेकरू घालणार, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. माझ्या तोंडून गेलं, "राहू द्या. मी करून देते." तो बघतच राहिला. मीसुद्धा.

मशीन घ्यायला उद्यमनगरात गेले. पहिल्या दुकानात पोऱ्यासारखा दिसणारा दुकानदार म्हणाला, "मालकांना पाठवा, मशीन दाखवतो." मी म्हटलं, "ते यायचे न्हाईत," आणि पुढच्या दुकानात गेले. तिथं कपाळाला भस्म लावलेले एक म्हातारे बसले होते. घरच्या मीटरवर चालणारं, परवडणारं, मोटारीच्या पत्र्याला चालेल असं काही आहे का, विचारलं.

"चालवणार कोण, अक्का?"

"मी."

त्यांनी माझ्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं आणि ते उठले. दोन मशीन दाखवली. एक नवंकोरं, लालभडक, स्वस्त. दुसरं जुनं, रंग उडालेलं, त्याहून बारकं. "उचलून बघा. हलकं हाय ते अल्युमिनच्या तारेचं. जरा चाललं की तापतंय, मग त्याला वारा घालत बसायचं. जड हाय ते तांब्याचं."

लाल मशीन मी एका हातानं उचललं. जुनं जमिनीवरून हललंच नाही. असून अडचण नसून खोळंबा असली वस्तू मालकांनी कधी घरात येऊ दिली नव्हती. म्हटलं, "हे न हलणारंच द्या."

"पातळ पत्र्याला बारीक रॉड, करंट कमी," म्हातारे पावती लिहिता लिहिता सांगत होते. "रेघ ओढायची न्हाय. टाका, थांबा, टाका. न्हायतर भोकं पडत्यात. आनि काचेबिगर बघायचं न्हाय बरं का."

रिक्षातून मशीन घरी आणलं. नव्या मशीनला हळदकुंकू वाहायची रीत. आत्तीही विधवा, मीही. शेजारणीला हाक मारायची का, असं आत्तीनं नजरेनंच विचारलं. मी म्हटलं, "कशाला? राबणार मी, कुंकू लावणार ती?" आणि बोट बुडवून मीच लावलं.

सकाळी मोटारीखाली बसले तेव्हा कळलं, हात दोनच आहेत. एका हातात रॉड. दुसऱ्यानं पत्रा दाबून धरायचा. काच कशानं धरू? इतकी वर्षं पत्रा धरायला मी असायचे. मालक ओरडायचे, "तिकडं त्वांड कर!" मी भिंतीकडं तोंड करायचे. भिंतीवर निळा उजेड नाचायचा, त्यात त्यांची वाकलेली सावली. उभा संसार झाला आणि त्यांचं काम मी एकदाही बघितलं नव्हतं. फक्त भिंत बघितली होती.

काच खिळ्यालाच राहू दिली. रॉड टेकवला आणि बघितलं.

पहिल्यांदा रॉड चिकटला. मग भोकं पडली. मग एक टाका बसला, ओबडधोबड पण गच्च. मग दुसरा. डोळे मिटायचे, उघडायचे, बघायचं. दुपारपर्यंत पत्र्याची एक बाजू धरली. आनंद वगैरे काही झाला नाही.

दिवेलागणीला डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं आणि पाणी सुरू झालं ते थांबेना. भाकरी टाकताना पदर भिजला. दारातून शेजारणींनी बघितलं आणि बघता बघता चार बायका गोळा झाल्या. आत्ती उंबऱ्यावर आडवी उभी राहिली. "रडली बाई एकदाची माझी लेक. जावा आता, मोकळी होऊ दे तिला." बायका नाक पुसत गेल्या, ती दगुड म्हणणारीसुद्धा.

"आत्ती, मी रडत न्हाय. वेल्डिंगच्या उजेडानं डोळं लागल्यात."

"मला काय कळत न्हाय व्हय?" तिनं दार लावलं, विळीवर बटाटा चिरला, मला आडवं केलं आणि गार चकत्या पापण्यांवर ठेवल्या. "त्येलाबी पयल्यांदा असंच झालतं. मिसरूड फुटलं नव्हतं. मांडीवर डोकं घिऊन बसलते मी." मग कानाशी वाकून म्हणाली, "आता रडून घे. आता कुणालाच कळत न्हाय."

चकत्या गरम व्हायच्या, ती बदलायची. त्यांच्याखालून काय वाहत होतं, ते मलाही सांगता यायचं नाही. पण छातीतून आवाज आला, तो डोळे लागल्याचा नव्हता.

डोळे बरे झाले त्या सकाळी मी खिळ्यावरची काच काढून अंगणात गेले. आत्ती आधीच मोटारीशी बसली होती. पत्रा दोन्ही हातांनी दाबून धरलेला, आणि तोंड भिंतीकडं.