बर्फाची घडी

माझ्या भाचीला पाचव्या वाढदिवसाला बर्फ हवा होता. शाळेतल्या एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिने तो पाहिला होता. मी ताईला म्हणालो, "तू फक्त केकचं बघ. बर्फ माझ्याकडे लागला." आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, त्यामुळे असल्या गोष्टी मला कळतात असं सगळे धरून चालतात. खरं तर थीमची पार्टी मी फक्त मोबाइलवर पाहिली होती.

ताईचं घर हडपसरला, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीतलं सामान मी आत सरकवलं. जमिनीवर पांढरी चादर अंथरली, मेडिकलमधून आणलेला कापूस पिंजून तिच्यावर पसरला. उरलेल्याचे गोळे करून दोऱ्याने वर टांगले. पांढरा फ्रॉक घालून भाची चादरीच्या मधोमध बसली ती हलायलाच तयार होईना. मला वाटलं, जमलं.

मुलं संध्याकाळी येणार होती. त्याआधी ताईच्या सासूबाई लोणी काळभोरहून आल्या. त्यांनी ओवाळल्याशिवाय नात केक कापत नाही, हे दरवर्षीचं. त्यांनी दारात चपला काढल्या आणि तिथेच थांबल्या.

"ह्ये काय मांडलंय?"

"बर्फ, आजी," भाची म्हणाली.

त्यांनी चादरीकडे पाहिलं, कापसाकडे पाहिलं. मग ताईला हळू आवाजात म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांना असंच निजवलं होतं की गं. हितंच."

गेल्या वर्षीची गोष्ट. मीही होतो तिथे. त्या दिवशीसुद्धा सामान आत सरकवायला मीच हात लावला होता. चादर, कापूस, सगळं माझ्यासमोर झालं होतं. आणि आज दुपारभर कापूस पिंजताना मला ते एकदाही आठवलं नव्हतं. माझे कान तापले. ताईला आठवलं होतं की नाही, कोण जाणे. ती खाली बघत होती.

"मावशी, हे माझ्या डोक्यातून आलं. ताईचं काही नाही."

"कालिजात जातोस न्हवं तू?" त्या एवढंच म्हणाल्या.

मी चादर गोळा करायला वाकलो, तर भाचीने तिचं टोक घट्ट धरलं. "माझा बर्फ आहे. आजी, ये ना. थंड नाहीये."

आजी आत येईनात, नात उठेना. शेवटी सासूबाई दारातच टेकल्या आणि पिशवीतून लाल फ्रॉक काढला.

"ह्यो घालतीस? मग वरचा बर्फ तुझा. खालचा मामाला उचलू दे."

भाचीने वर टांगलेले गोळे नीट पाहून घेतले आणि टोक सोडलं.

ताईने पाट मांडला. कापसाचा एक पुंजका फरशीवर राहिला होता, सासूबाई तो चुकवून आल्या. नातीच्या कपाळावर त्यांनी सरळ कुंकू लावलं आणि ओवाळलं.

तेवढ्यात मुलं आली. एकाने फरशीकडे बघून विचारलं, "खाली बर्फ का नाही?"

"मामाने घडी घातली," भाची म्हणाली.

सगळे हसले, सासूबाईसुद्धा. मला हसता आलं नाही. चादर छातीशी धरून मी भिंतीला टेकलो होतो. ती कुठे ठेवावी, तेच सुचत नव्हतं. केक कापल्यावर भाची माझ्यासाठी घास घेऊन आली. हात मोकळे नव्हते. मी खाली वाकून नुसतं तोंड पुढे केलं.