दक्षिणेकडं तोंड केलेला दिवाणखाना

देवयानी पाटणकर पेनरोजच्या एका सुतारी कारखान्यात जुन्या खिडक्या दुरुस्त करते. सांगलीहून या परदेशात शिकायला आली आणि रंध्याच्या प्रेमात पडून इथलीच झाली. स्वभाव असा, की 'नाही' ऐकलं की बाई दुप्पट जोरानं कामाला लागते.

शहराबाहेरच्या 'हॉलकोट' नावाच्या बंगल्याचा दिवाणखाना पाडायचं ठरलं, तेव्हाही हेच झालं. सव्वाशे वर्षांपूर्वी एका धनाढ्य इंग्रजानं आपल्या मुलखातल्या हवेलीबरहुकूम तो बांधला होता. उंच छत, कोरीव जिना, वरखाली सरकणाऱ्या पाच खिडक्या. साहेबानं नकाशा मागवला, विटा मागवल्या, सूर्य तेवढा मागवायचा राहिला. तिकडं ऊन दक्षिणेकडून येतं, म्हणून दिवाणखाना दक्षिणेला. इथं, पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यात, ते उत्तरेकडून येतं. त्यामुळं भांडी घासायची खोली उन्हात न्हायची आणि दिवाणखान्याच्या नशिबी बुरशी.

"दरवर्षी लाकूड बदलतो, दरवर्षी कुजतं," बंगला सांभाळणाऱ्या मंडळाच्या अध्यक्ष मार्गारेटबाई म्हणाल्या. "मार्चमध्ये पाडणार."

"मला एक उन्हाळा द्या," देवयानी म्हणाली. इथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी.

त्या खोलीचं तिला मनापासून वाईट वाटत होतं. पहिल्या वर्षी ओटाहुहु उपनगरातल्या भाड्याच्या खोलीत तिनंही तुळस दक्षिणेच्या खिडकीत ठेवली होती, माहेरी ठेवायची तशीच. तुळस सुकली, तेव्हा हा देश आपल्यालाही मानवणार नाही म्हणून ती ढसाढसा रडली. दुसरी उत्तरेला ठेवली, ती अजून आहे.

शनिवारी ती निघाली की नवरा नितीश चिडवायचा, "वीकेंडला कुणाची ओल पुसायला चाललीस? बीचवर जाऊ ना, पोहायचे टॉग्ज भरलेत मी."

"तूच ये की. हीप्स काम आहे, ढीगभर."

रंगाच्या थरांनी खिडक्या चिकटून बसल्या होत्या. कित्येक वर्षांत आत वारा शिरला नव्हता. तिनं रंग खरवडला, खिडक्या तोलून धरणाऱ्या, चौकटीत लपलेल्या वजनांना नवे दोर बांधले. फरशीखाली हवा खेळावी म्हणून ठेवलेल्या जाळ्या फुलझाडांच्या मातीत गाडल्या गेल्या होत्या, त्या नितीशनं कुरकुरत मोकळ्या केल्या.

मार्चमध्ये मार्गारेटबाई ठेकेदाराला घेऊन आल्या. भिंतीला हात लावला, मग ओल मोजायचं यंत्र लावलं. दोनदा. दोन्ही वेळा भिंत कोरडी निघाली. शेवटी एका बोटानं खिडकी वर सरकवून पाहिली.

"ऊन मात्र अजून येत नाही."

"येणारही नाही. तोंड चुकलं म्हणून कुणी घर पाडतं का?"

ठेकेदाराला चहा पाजून परत पाठवलं. देवयानीनं गाडीतून कुंडी आणली आणि भांड्यांच्या खोलीतल्या उन्हाच्या खिडकीत ठेवली. तिच्याच तुळशीचं रोप होतं ते. निकाल लागायच्या आधी, सकाळीच ती ते घेऊन निघाली होती.