शेजारच्या आजोबांचे सामने

गुडघ्याला बाम चोळला की शेजारच्या अमेरिकन आजोबांचा हॉल आठवतो, तिथे हाच वास असायचा. एकदा त्यांची बशी परत करायला गेले, रिकामी कशी द्यायची म्हणून तिच्यात दोन लाडू ठेवून. त्यांनी मला सोफ्यावर बसवलं, तरुणपणच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा फोटो माझ्या हातात दिला आणि त्या वर्षीचा एकेक सामना सांगू लागले. "वुई वन," म्हणून ते हसायचे, तेवढंच मला कळायचं. नातीच्या स्कूलबसची वेळ झाली होती आणि घरचं कुणी उभं नसलं तर ड्रायव्हर तिला उतरवत नसे. पण वडीलधारं माणूस बोलत असताना उठायचं नाही, हे अंगात मुरलेलं. आजोबा शेवटच्या सामन्यापाशी आले. "वुई लॉस्ट," म्हणत ते डोळे पुसू लागले. खिडकीतून दिसलं, बस आली, थांबली आणि नातीला घेऊन निघून गेली. सून ऑफिस सोडून शाळेत धावली. "आई, सॉरी म्हणून सरळ उठायचं ना," ती घरी आल्यावर म्हणाली. रात्री जेवताना सगळे इंग्रजीत बोलत राहिले आणि मी हात वाळेपर्यंत बसून राहिले. आजही रोज तशीच बसते. आजोबा निदान माझ्याकडे बघून बोलत होते.