प्रमाणपत्रानंतरचा पहिला दावा

बोटांना कायम सरस चिकटलेला असायचा म्हणून सगळे त्याला डिंक्या म्हणायचे. उभी हयात गिटारी जोडण्यात गेली, पण मोठ्या दुकानांना कंपनीचं प्रमाणपत्र असलेलाच कारागीर हवा. तेव्हा चाळिशी उलटल्यावर हा बाबा पोरांशेजारी बाकावर बसून कंपनीचं प्रशिक्षण घेऊन आला. तिथे गिटार कापायलाही शिकवलं. कंपनीनं सदोष गिटार बदलून नवी दिली की जुनी पुन्हा बाजारात येऊ नये, म्हणून. कापताना सगळे हसले होते, तोही हसला होता.

प्रमाणपत्र भिंतीवर लागलं, मोठ्या दुकानांची कामं येऊ लागली, घरात जरा बरे दिवस दिसले. तेवढ्यात त्याची थोरली बहीण, ताई, आली. तिचा मुलगा अपघातात गेला होता, त्याची गिटार ती घेऊन आली होती. गिटारीची मान धडापासून उखडलेली. भिंतीवर टांगता येईल एवढी जोडून दे, इतकंच तिचं म्हणणं.

साधं सरसाचं काम. पण माणसाला शहाणपण नको तिथे सुचतं. ताईच्या वस्तूला ठिगळ कशाला, कंपनीकडून नवी मानच मागवू, म्हणून त्यानं तिला न विचारता वॉरंटीचा दावा ठोकला. उत्तर आलं, सांधा मुळातच सदोष, अख्खी गिटार नवी मिळेल. जुनी कापून व्हिडिओ पाठवा.

डिंक्याचं धाबं दणाणलं. दावा मागे घेतो म्हणून त्यानं हातापाया पडून पाहिलं. कंपनी ढिम्म. सदोष ठरलेली गिटार कापली नाही तर प्रमाणपत्र रद्द.

ताईला सांगताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती चिडली असती तर परवडलं असतं.

"नवी वाजवणार कोण?" एवढंच ती म्हणाली. मग मुलाच्या हातानं घासून फिका पडलेला गिटारीचा भाग कितीतरी वेळ चोळत राहिली. डिंक्यानं करवत उचलली, पण पातं लाकडावर ठरेना.

"मी धरते," ताई म्हणाली. बाकावर वाकून तिनं गिटार दोन्ही हातांनी दाबून धरली. "माझ्याकडे बघू नकोस. तुला पोरंबाळं आहेत. काप."

त्यानं कापली.

कामं आता भरपूर येतात. नवी गिटार खोक्यातच आहे, आणि ताई दुकानाची पायरी चढत नाही. त्या दिवशी निघताना तिनं बाकावरचा लाकडाचा भुसा ओंजळीत गोळा केला आणि घरी नेला. भुशाबद्दल कंपनीचा काही नियम नव्हता.