गोवर्धनभाऊंचा खेकडा

गोवर्धनभाऊ शहारेंना चहा द्यायचा तर कप अर्धाच भरायचा, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. गवत कापून आले की त्यांचे हात बराच वेळ थरथरत राहतात. भरलेला कप बशीत सांडतो आणि मग ते ओशाळे होऊन कपाकडेच बघत बसतात. म्हणून मी अर्धा देते, तो संपला की उरलेला अर्धा ओतते. 

थरथरीचं कारण समोरच्या अंगणात निळ्या ताडपत्रीखाली उभं असतं. तिरोड्याकडच्या एका कंपनीच्या वसाहतीत भाऊ माळीकाम करत. तिथली हिरवळ कापायला बसून चालवायची मोठी डिझेलची मशीन होती, ती यांच्याच हाती. पुढे कंपनीनं नवी मशीन घेतली, जुनी लिलावात काढली, ती भाऊंनीच घेतली, आणि त्याच सुमारास त्यांचं कंत्राटही संपलं. "दोघायलेही संगंच भंगारात काढलं," त्यांची बायको शामकला सांगते, "मंग दोघंही एकमेकाले धरून घरी आले."

ही मशीन विचित्र दिसते. पात्यांचा पसरट डबा चाकांच्या पुढे, सुपासारखा जमिनीलगत. बसायची जागा त्याच्या मागे. वळण्याचं काम मागची चाकं करतात, त्यामुळे तोंड डावीकडे फिरवलं की शेपूट उजवीकडे झपकन बाहेर येतं. पहिल्याच आठवड्यात त्या शेपटानं आमच्या फाटकाचा खांब वाकवला होता. तेव्हापासून गल्लीतली पोरं तिला खेकडा म्हणतात. भाऊही म्हणतात. "आज खेकड्याची तब्येत बरी नाही, वहिनी."

आमच्या गोंदियात लग्नाच्या जागेला लॉन म्हणतात, आणि लॉन म्हटलं की गवत आलंच. लॉनवाले, शाळांची मैदानं, कुणाचं फार्महाऊस, असं भाऊंचं काम चालतं. पण गवत कापणं हा त्यातला छोटा भाग. आले की डबा उचलून लाकडी ओंडक्यांवर टेकवायचा, खालून चिकटलेलं ओलं गवत खुरप्यानं खरवडायचं, नाहीतर पत्रा सडतो. पात्यांना धार. प्रत्येक सांध्यात ग्रीस. पट्टा तुटला तर मूळ कंपनीचा मिळत नाही, भाऊ राईस मिलचं सामान विकणाऱ्या दुकानातून जवळपासच्या मापाचा आणतात. सीटची स्प्रिंग केव्हाच गेली, तिथं तांदळाच्या बारदान्याची घडी आहे. मशीनचे सगळे धक्के त्या घडीतून थेट त्यांच्या कमरेत जातात.

गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हाताच्या नसा दबल्यात, हे बसणं बंद करा. शामकलानं त्याच दिवसापासून विक्रीचा धोशा लावला. आणि नवल म्हणजे भाऊंनी विरोध केला नाही. "थकलो ना मी बी," एवढंच म्हणाले. मला त्या शब्दांपेक्षा ते म्हणताना त्यांनी टेकलेली भिंत जास्त आठवते.

गिऱ्हाईकही मिळालं. बालाघाट रोडवर नवं लॉन टाकणारे चंद्रशेखर बिसेन. त्यांनी आपला ड्रायव्हरही ठेवला होता, भाऊंनी फक्त मशीन सोपवायची आणि मोकळं व्हायचं. दिवाळीनंतर येऊन बघतो म्हणाले. भाऊंनी त्यांना शामकलाच्या माहेरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, बोलावलं. तिथलं मैदान दरवर्षी भाऊच कापून देतात, सासुरवाडीचा मान म्हणून. यंदाचं शेवटचं. मशीन काम करताना दिसेल, बिसेनसाहेब मंडईही बघतील.

भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, दिवसा दंडारीचा नाचगाण्यांचा खेळ, रात्री नाटक. शामकलाचं माहेर बोदलकशाच्या अलीकडचं एक खेडं. एका टोकाला वड आणि दुसऱ्या टोकाला मंचाचा ओटा असलेल्या ज्या मैदानात नाटकाचा मंडप पडतो, तिथं वर्षभर कुणी फिरकत नाही, गुडघाभर गवत वाढतं. आणि त्या गवतात मागच्या साली ठोकलेले मंडपाचे लोखंडी खुंटे तसेच राहिलेले असतात. नाटक मंडळींना दुसऱ्या गावाची घाई, कोण उपटत बसतो? दिसत नाहीत, पण पात्याला लागले तर सगळं संपलं. म्हणून आदल्या संध्याकाळी भाऊ चपला काढून मैदानभर चालतात, तळपायानं चाचपत. खुंटा लागला की शेजारी एक तुराटी रोवायची, टोकाला लाल चिंधी. तुरीची वाळकी काडी सगळ्यांच्या दारात पडलेली असते, शोधावी लागत नाही.

यंदा भाऊंच्या पायात गोळे आले. मेहुणा गजेंद्र म्हणाला, "भाऊजी, तुमी वडाकडची बाजू पाहा, मी मंचाकडची पाहातो. आता बुढे झाले तुमी." भाऊंनी ऐकलं. अर्धं मैदान त्यांनी चालून काढलं, अर्धं गजेंद्रनं. दोघांनी आपापल्या बाजूला तुराट्या रोवल्या, आणि गजेंद्रचं काम बघायला न थांबता भाऊ जेवून लवकर झोपले.

सकाळी दव वाळेपर्यंत कापता येत नाही. भाऊ चुलीपाशी बसले. सासूबाई अनुसयाबाईंनी चहा दिला, वर धिरड्यांसारखे चिल्हे केले. "घ्या जवाईबापू, आज चूल कशी धडधड पेटून राहिली."

ऊन आलं तसे भाऊ मशीनवर चढले. वडाकडची बाजू निशाण्या बघत, वळसे घेत छान कापली. मग मंचाकडे वळले. तिकडे एकही चिंधी नव्हती. त्यांना वाटलं, गजेंद्रच्या बाजूला खुंटेच नसतील, गेल्या साली उपटले असतील कुणी. त्यांनी खेकडा सरळ सोडला.

आवाज बोदलकशाच्या तळ्यापर्यंत गेला म्हणतात. डबा उडाला, पुन्हा आपटला, मशीन दणदणत बंद पडली. भाऊ खाली उतरून गवतात बसूनच राहिले. गजेंद्र धावत आला.

"अजी भाऊजी, दिसलं नाही का? तुराटी लावली होती ना मी!"

"कोठं हाय तुराटी?"

दोघांनी सगळी बाजू पालथी घातली. तुराटी नाही, चिंधी नाही. शेवटी शामकलाला चुलीच्या तोंडाशी राखेत लाल चिंधीचा जळका तुकडा सापडला.

"माय व! तुराट्या कोठून आनल्या तुनं?"

"मैदानातून," अनुसयाबाई म्हणाल्या. "पहाटे मंचाकडे बाहेर गेली होती. कोनीतरी टोचून ठेवल्या होत्या, अंधारात चिंध्या काही दिसल्या नाही. मी म्हनलं पोरायचा खेळ आहे, चांगलं सरपन वाया काऊन घालवावं? जवाई आला ना घरी." आणि मग त्यांना कळलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. भाऊ सासूबाईंना म्हणाले, "राहू द्या, मामी. मी बी त्याच्यावरचेच चिल्हे खाल्ले ना."

एका पात्याचा शाफ्ट वाकला होता. इंजिन धड होतं, चाकं धड होती. पातं फिरवलं नाही तर कुणाला काही कळलं नसतं.

मैदान तर व्हायलाच हवं होतं. अनुसयाबाई विळा घेऊन निघाल्या, त्यांच्या मागे गजेंद्रची बायको खुशबू, मग शेजारणी. दुपारी मी मंडईला पोचले तेव्हा बायकांची रांग गवत कापत मंचाकडे सरकत होती. "मशीनीपेक्षा आमीच बऱ्या," एक जण ओरडली, "डिझेल नाही लागत, चहा दिला का झालं!" हसू सगळीकडे, भाऊंकडे सोडून. ते वडाखाली खेकड्याला टेकून बसले होते. शामकलानं मला बाजूला घेतलं. तिचे डोळे लाल होते.

"मी म्हनलं त्यायले, बिसेनसाहेब आले का नुसती चालवून दाखवा. पातं लावू नका. गवत तर कापून झालं, कायले लावा? मंग घेऊन जाईन तो, आन आपन सुटू. वहिनी, मी चुकली का?"

 तिच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

बिसेन आले, सोबत त्यांचा तरुण ड्रायव्हर. भाऊंनी मशीन सुरू केली. एक गोल फेरी मारली, मागे घेतली, शेपूट न आपटता वडाला वळसा घातला. ड्रायव्हर खूश. "मस्त चलती है, साहब." बिसेनांनी मान हलवली, हात खिशाकडे गेला. शामकलानं माझं मनगट धरलं होतं. भाऊ मशीनवर बसून राहिले. ड्रायव्हर वाकून पात्यांच्या डब्याखाली डोकावत होता.

"हट बाजू," भाऊ त्याला म्हणाले. "दूर हो, आनखी."

तो लांब झाल्यावर त्यांनी डबा खाली घेतला आणि पातं सुरू करायचा दांडा ओढला. अख्खी मशीन अशी हादरली की वडावरचे कावळे उठले. भाऊंनी लगेच बंद केली.

"असं आहे साहेब. आज सकाळी खुंटा लागला. शाफ्ट गेला."

बिसेन चिडले नाहीत. दुरुस्त झाली की फोन करा म्हणाले, दंडार थोडी पाहिली आणि निघून गेले.

परतताना छोटा हत्ती टेम्पोत मागे खेकडा दोरानं बांधलेला, त्याला धरून भाऊ, पुढे शामकला आणि मी. तिनं एकदाच मागच्या जाळीतून विचारलं, "काऊन केलं जी असं?"

भाऊंनी दोराची गाठ आवळली. मग म्हणाले, "तो पोरगा खाली पाहून राहिला होता, शामा. त्याच्या टोंडावर पातं सुटलं असतं तं? मले काम सोडून झोपाचं होतं. असं विकून झोप येते का?"

ती पुढे पाहू लागली. 

लेथवाल्यानं शाफ्ट करून दिला, पण त्याला राईस मिलच्या हंगामात वेळ मिळेपर्यंत संक्रांत गेली. भाऊंनी फोन केला. बिसेनांनी तोवर नागपूरहून दुसरी मशीन आणली होती. तेव्हापासून दुसरं गिऱ्हाईक आलेलं नाही. लॉनवाल्यांचे फोन मात्र येतात, आणि नाही म्हणायला भाऊंना जमत नाही.

परवा ते शाळेचं मैदान करून आले. शामकला डबा ओंडक्यांवर टेकवायला हात लावत होती. आता खुरपं तीच धरते, भाऊ बाजूला बसून कुठं राहिलं ते बोटानं दाखवतात. बोट हलत होतं, म्हणून ती चिडून म्हणाली, "एका जागी दाखवा ना, जी!"

मी चहा घेऊन गेले. अर्धा कप.