ब्राझीलात बर्फ काहून पडत नाही?

मी अकरावीत गेले त्या वर्षी वहिनीने बाहेरून दहावीला बसायचं ठरवलं. ठरवलं खरं तर आईने. वहिनी किन्हीराजा गावची, नववीनंतर तिची शाळा सुटलेली. आई स्वतः शाळेची पायरी चढली नव्हती, पण एक दिवस वांगी तोडता तोडता म्हणाली, "एकच तर वर्ग राह्यला तुहा. देऊन टाक परीक्षा."

आमचा भाजीचा मळा वाशीमजवळच. पहाटे मेथीच्या जुड्या बांधायला बसलो की मी माझ्या जुन्या प्रश्नसंचातले प्रश्न विचारायची.

"वयनी, सोडिअम रॉकेलात काहून ठेवतात?"

"हवा लागली का पेटते म्हणून. तुमच्या भावावानी."

"पेपरात भावाचं नका लिहू!"

कारणे द्या, फरक सांगा, टिपा लिहा, सगळं तिला जमायला लागलं. गणिताला मात्र ती घाबरायची. आणि इतिहासात 'तुमचे मत लिहा' आलं की अडायची. एकदा हळूच म्हणाली, "ताई, माहं मत लिहू का पुस्तकातलं?"

"तुमचंच."

त्यावर ती बराच वेळ जुडीला दोरा गुंडाळत राहिली.

परीक्षेचं केंद्र अनसिंगला आलं. भूगोलाच्या पेपराला मी आणि आई तिच्यासोबत गेलो. तिची तान्ही मुलगी आईच्या खांद्यावर. पेपर सुटला, एसटीत जागा मिळाली आणि आईने विचारलं, "काय इचारलं व?"

"ब्राझीलात बर्फ काहून पडत नाही, थे इचारलं."

"मंग? काहून पडत नाही?"

वहिनी सांगू लागली. तो देश बहुतेक उष्ण कटिबंधात येतो, विषुववृत्त तिथूनच जातं, हिमालयासारखे उंच डोंगर तिथे नाहीत. पुढच्या सीटवरची बाई वळून बसली. तिकीट फाडता फाडता कंडक्टरही थांबला. "अन् आपल्याइकडे?" त्याने विचारलं. मग वहिनीने काश्मीरपासून सुरुवात केली. घरी कधी आवाज न चढवणारी ती, मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं बोलत होती. आई नातीला थोपटत एकेका वाक्याला मान हलवत होती.

निकालात गणित राहिलं. वहिनी दोन दिवस जेवली नाही. आई एवढंच म्हणाली, "बाकी समदे निघाले ना? एकच तर राह्यला." जुलैच्या फेरपरीक्षेत तोही निघाला.

निकाल कळला त्या रविवारी बाजारात आईने येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी बातमी सांगितली, मग भाव. "सून धाव्वी पास झाली माही." वहिनी शेजारीच पोत्यावर बसली होती, लाजून कोथिंबीर निवडत. कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "अन् हे पोरगी?"

"हे? हे तं मांगच पास झाली," आई म्हणाली, आणि पुढच्या बाईला बातमी सांगायला वळली.